वोन्ट फिक्स

आमच्या टीममध्ये दर सोमवारी सकाळी ट्राएजची मीटिंग असते. आठवडाभरात आलेले बग स्क्रीनवर लावायचे आणि ठरवायचं: हा आज, हा पुढच्या महिन्यात, हा कधीच नाही. 'कधीच नाही'साठी सिस्टिममध्ये एक पर्याय असतो, 'वोन्ट फिक्स'. तो निवडला की बग यादीतून निघून जातो.

दोन वर्षांपूर्वी मी असाच एक बग बंद केला. आमचं अ‍ॅप स्क्रीन रीडरवर नीट चालत नव्हतं, पैसे भरायच्या पानावरचं बटण वाचून दाखवलंच जायचं नाही. एक अंध गृहस्थ दर महिन्याला, न चिडता, तीच तक्रार पाठवायचे. स्क्रीन रीडर वापरणारे आमच्याकडे अर्धा टक्कासुद्धा नव्हते आणि दुरुस्तीला तीन आठवडे लागले असते. हिशेब सरळ होता. मी बग बंद केला. पुढे चार महिने त्यांची मेल येत राहिली, मग थांबली. त्या तिमाहीच्या रिपोर्टमध्ये त्या पानाबद्दलच्या तक्रारी शून्य होत्या, आणि मला शाबासकीसुद्धा मिळाली.

ती शाबासकी मला पचली नाही. ट्राएज हा शब्द मुळात कुठला, हे शोधत बसलो. तो रणांगणावरच्या डॉक्टरांचा. जखमींचे तीन गट करायचे: मदतीशिवाय जगतील ते, मदत मिळाली तर जगतील ते, आणि काहीही केलं तरी जगणार नाहीत ते. औषध मधल्या गटाला द्यायचं. शोधताना कळलं की हाच हिशेब नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांनाही लावला गेलाय.

नॉर्मन मायर्स या पर्यावरण-अभ्यासकाने १९७९ साली 'द सिंकिंग आर्क' या पुस्तकात तो मांडला. पैसा मोजका आहे, सगळे वाचणार नाहीत, तर काहींना सोडून द्यायला शिकू या. त्याने दिलेलं एक उदाहरण होतं मॉरिशस केस्ट्रेलचं. हा आपल्याकडच्या खरुचीचा भाऊबंद, एक छोटा ससाणा. मॉरिशसमधलं जंगल उसासाठी तोडलं गेलं होतं, मलेरियाच्या डासांवर डीडीटी फवारलं गेलं होतं. माणसांनी आणलेली मांजरं, माकडं आणि भारतातून नेलेली मुंगसं घरटी लुटत होती. १९७४ साली निसर्गात या जातीचे चारच पक्षी माहीत होते. यांच्यावर खर्च करण्यापेक्षा तो पैसा जगण्याची आशा असलेल्या जातींना द्यावा, असं मायर्सचं म्हणणं. तो दुष्ट नव्हता. माझ्यासारखाच हिशेब करत होता.

त्याच वर्षी कार्ल जोन्स नावाचा वेल्समधला एक पंचविशीतला पोरगा मॉरिशसला पोहोचला. प्रकल्प आवरता घे, असंच त्याला सांगितलं गेलं होतं. तो आवरायला गेला आणि थांबला. पुढची काही दशकं त्याचं काम तिथेच चालू राहिलं.

त्याने केलं काय? कड्याच्या कपारीतल्या घरट्यापर्यंत चढायचं, अंडी काढून आणायची, इनक्युबेटरमध्ये उबवायची. अंडी गेली की मादी पुन्हा घालते. तिला ताकद यावी म्हणून उंदीर खायला पुरवायचे. पिलं हाताने वाढवून जंगलात सोडायची, घरट्यांसाठी लाकडी पेट्या लावायच्या, मुंगसांना सापळे लावायचे. लहानपणी घरी जखमी पक्षी पाळताना हात बसला होता, तोच इथे कामी आला. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत तीनशेहून जास्त केस्ट्रेल जंगलात सोडले गेले. हे सगळे जवळपास एकाच जोडीचा वंश असल्याचं पुढे जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. नंतर गुलाबी कबूतर आणि इको पोपट या तिथल्याच दोन जातींनाही, जेमतेम दहा-दहा उरल्या असताना, त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी परत आणलं.

या गोष्टीत मला अडतं ते अंड्यांपाशी. जगातल्या शेवटच्या काही पक्ष्यांच्या घरट्यात हात घालायचा. वीज गेली, तापमान चुकलं, तर त्या जातीचा शेवट तुमच्या टेबलावर, तुमच्या नावावर. लांबून हळहळणाऱ्याच्या नावावर काहीच लागत नाही. बग बंद करताना मला एवढं हलकं का वाटलं होतं, ते इथे कळलं.

पण इथे मी स्वतःलाच थांबवतो. यशाच्या गोष्टी सांगणं सोपं असतं. हवाईतल्या पोओउली नावाच्या चिमुकल्या पक्ष्याचे तीनच उरले होते. २००४ साली एक पकडला, जोडीदार मिळायच्या आधीच तो मेला, आणि बाकीचे दोन पुन्हा कुणाला दिसले नाहीत. तिथेही माणसं झटली होती. आणि पैसा खरोखरच मोजका असतो. मी तीन आठवडे त्या बटणाला दिले असते तर दुसऱ्या कुणाचं तरी काम अडलं असतं. निवड टळत नाही.

तरी मायर्सच्या आणि माझ्या हिशेबात एक चूक समान होती. केस्ट्रेल वाचायची शक्यता नगण्य, हे गणित मांडताना 'कुणी तिथे थांबलं तर' ही शक्यता धरलीच नव्हती. अंध वापरकर्ते अर्धा टक्का, हे मी जगाचं सत्य म्हणून वाचलं. आमचं अ‍ॅप त्यांना चालत नव्हतं म्हणूनच ते एवढे कमी होते, हे वाचलं नाही. सोडून देण्याचं कारण म्हणून जो आकडा आपण दाखवतो, त्यातला काही भाग आपल्या सोडून देण्यानेच तयार झालेला असतो. रणांगणावरचा डॉक्टर निदान जखमीची नाडी बघून ठरवतो. आपण डॅशबोर्ड बघून ठरवतो.

मी सोलापूरचा. नान्नजचं माळढोक अभयारण्यही १९७९ सालचंच. पाचवीत तिथे सहल गेली होती. काळवीट भरपूर दिसले, माळढोक फक्त फलकावरच्या चित्रात. माळढोकाची अंडी उचलून उबवायचं काम भारतात सुरू झालं २०१९ साली, जैसलमेरजवळ. तिथे आता पिलं वाढताहेत. मधल्या चाळीस वर्षांत वोन्ट फिक्सचं बटण कुणी एकाने दाबलं नव्हतं. यादी नुसती पुढे ढकलली जात होती.

आणि वाचवलं म्हणजे संपलं, असंही नाही. १९९४ साली केस्ट्रेलच्या धोक्याची श्रेणी खाली आणली होती, २०१४ साली ती परत वर न्यावी लागली. ज्याला आम्ही मेंटेनन्स म्हणतो आणि जे काम नव्या पोरांच्या गळ्यात घालतो, ते तिथे अजून चालूच आहे.

मागच्या वर्षी मी तो बग पुन्हा उघडला. दुरुस्तीला अठरा दिवस लागले. त्या गृहस्थांना मेल केली: तुमची तक्रार बरोबर होती, उशीर झाला, माफ करा. उत्तर आलेलं नाही.

आता टीममध्ये एक छोटा नियम आहे. वोन्ट फिक्स करण्याआधी तक्रार करणाऱ्याशी एकदा फोनवर बोलायचं. बरेच बग त्यानंतरही बंदच होतात. सोमवारची मीटिंग मात्र अर्धा तास लांबते.