राखलेलं आणि लपवलेलं

साताऱ्यातल्या एका घरात, माजघरातल्या कपाटाशेजारी, एक जुना कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असे. आत २ टीबीच्या दोन डिस्क होत्या. एकीवर जे लिहिलं जाई ते त्याच क्षणी दुसरीवरही उतरत असे. थोरल्या बहिणीने हा घरचा सर्व्हर उभा केला होता. आजोबांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी, आजीच्या ओव्या, तीन पिढ्यांचे फोटो, शेताचे सातबारे, सगळं त्यातच. ताई नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि सर्व्हर धाकट्याच्या हाती आला. पोरगा हुशार आणि कामसू, पण कुणाला विचारायच्या आधीच करून मोकळा होणारा.

मावसबहिणीच्या लग्नाचं चित्रीकरण आलं आणि सर्व्हरने 'जागा शिल्लक नाही' म्हणून ते घ्यायचं नाकारलं. धाकट्याने आकडे काढून पाहिले. एकूण जागेतून वापरलेली वजा केली, तर शंभरेक जीबी उरायला हवे होते. स्क्रीनवर मात्र शिल्लक शून्य. शोधाशोध केल्यावर उलगडा झाला. लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम बनवताना वेगळं काही सांगितलं नाही, तर ती ५ टक्के जागा रूट या मुख्य खात्यासाठी बाजूला ठेवते. इतरांसाठी डिस्क भरली तरी रूटला लिहायला जागा उरते. शिवाय डिस्क अगदी काठोकाठ भरली, की नव्या फाइलींचे तुकडे जिथे फट मिळेल तिथे पडतात आणि काम मंदावतं. ही रीत जुनी आहे. १९८० च्या दशकात बर्कली विद्यापीठात तयार झालेल्या फाइल सिस्टिममध्ये अशी १० टक्के जागा राखीव असे.

धाकट्याने यातलं 'शंभर जीबी पडून आहेत' एवढंच वाचलं. फाइल सिस्टिमच्या खुणा बदलणाऱ्या ट्यूनटूएफएस या आज्ञेची एक ओळ टाइप करून त्याने राखीव हिस्सा शून्यावर आणला. लग्नाचं चित्रीकरण बसलं. घरात कौतुकही झालं.

महिन्याभरात तीही जागा संपली. एका रात्री घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो आपोआप चढत राहिले आणि डिस्कचा शेवटचा ब्लॉकही भरला. त्याच रात्री सिस्टिमचं अपडेट चालू होतं. अपडेट रूटच्या खात्यातून चालतं. त्याच्यासाठी राखलेली जागा असती तर ते पुरं झालं असतं. ते अर्ध्यावर तुटलं. सकाळी धाकट्याने मशीन बंद करून चालू केलं, तर ते उठेचना.

शनिवारी ताई आली. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून तिने नको त्या फाइली काढल्या, अर्धवट अपडेट मार्गी लावलं आणि ५ टक्के पुन्हा राखून ठेवले. आजीच्या ओव्या शाबूत होत्या.

"एवढी जागा तू लपवून का ठेवली होतीस?" धाकट्याने विचारलं.

"लपवली नव्हती रे. त्याच ट्यूनटूएफएसला माहिती विचारली असतीस, तर राखीव ब्लॉक किती ते दिसलं असतं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण ते कशासाठी आहे हे मी तुला सांगून जायला हवं होतं."

आजोबा ऐकत होते. म्हणाले, "बियाण्याची कणगी आमच्याकडे कुणी फोडत नसे. पण ती कुठल्या खोलीत आहे, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असायचं."

या बोलण्याचा दुसरा अर्धा भाग दिवाळीनंतर कळला. दोनपैकी एक डिस्क खराब झाली. काकांच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधली २ टीबीची डिस्क धाकट्याने आणून लावली. लेबल तेच, क्षमता तीच. पण जोडीत घ्यायला सर्व्हर तयार होईना. डिस्क लहान आहे, म्हणे. या वेळी त्याने आधी ताईला फोन लावला. तिच्या सांगण्यावरून एचडीपार्म या आज्ञेने डिस्कला विचारल्यावर एका ओळीत दोन आकडे आले: ३९०७०२७०५५ आणि ३९०७०२९१६८. पहिला, डिस्क जगाला दाखवते तेवढ्या सेक्टरांचा. दुसरा, तिच्यात खरोखर आहेत तेवढ्यांचा. फरक २११३ सेक्टरांचा, म्हणजे जेमतेम एक एमबी. काकांच्या जुन्या मदरबोर्डने बायोसची एक प्रत डिस्कच्या शेवटी ठेवून तेवढा भाग झाकून टाकला होता. डिस्कच्या मानकात अशा झाकलेल्या भागाची सोय आहे. हेतू वाईट नव्हता, पण काकांना त्याचा पत्ताही नव्हता, आणि जोडीतली डिस्क एका सेक्टरनेही कमी पडून चालत नाही.

म्हणजे शंभर जीबी उघडपणे राखलेले होते तोवर मशीन जगत होतं, आणि न सांगता घेतलेल्या एका एमबीने काम अडवलं.

एचडीपार्मनेच झाकण काढलं, डिस्क पूर्ण दिसू लागली, आणि काही तासांनी जोडी पुन्हा एकसारखी झाली. धाकट्याने कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला: सिस्टिमच्या डिस्कवर ५ टक्के राखीव, कशासाठी, कमी करण्याआधी कुणाला विचारायचं. पुढे नुसत्या चित्रीकरणासाठी वेगळी डिस्क घेतली, तेव्हा तिच्यावर त्याने १ टक्काच राखला, कारण तिथे सिस्टिमचं काही लिहिलं जात नाही. तेही त्याने कागदावर नोंदवलं.

तुमच्या घरी असा सर्व्हर असेल, तर राखीव ब्लॉकचा आकडा आज पाहून घ्या, आणि तुमच्यामागे तो सांभाळणाऱ्या माणसाला शेजारी बसवून दाखवा.