विश्वास बसायला वेळ लागतो

गेल्या आषाढातली दुपार. माझ्या थोरल्या वहिनी हातातली ताटली ओट्यावर तशीच ठेवून, फोन कानाला लावून उभ्या होत्या. मी स्वयंपाकघरात शिरलो तेव्हा पलीकडचा माणूस काय बोलतो आहे ते कळण्याच्या आधी मला एवढेच जाणवले, की वहिनींनी श्वास रोखून धरला आहे. तो माणूस सांगत होता, की मागच्या महिन्याचे वीजबिल जमा झालेले दिसत नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ते टाळायचे असेल तर आत्ताच्या आत्ता, फोन न ठेवता, मी पाठवलेले ॲप उघडा. बिल भरल्याची पावती चार पावलांवर, फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावलेली होती, आणि ती वहिनींनीच लावली होती. पण श्वास रोखलेल्या माणसाला चार पावलेही टाकता येत नाहीत. मी खुणेने फोन मागितला, त्यांनी दिला, मी तो बंद केला. त्यानंतर वहिनींनी जो लांब श्वास सोडला तो ऐकताना, कित्येक वर्षे मनात घोळत असलेला एक शब्द मला पुन्हा नव्याने भेटला. तो शब्द ‘विश्वास’.

वाचकहो, हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की त्याच्या पोटात ‘श्वास’ आहे हे आपल्या कानावरून निसटून जाते. ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे, आणि त्याला ‘वि’ हा उपसर्ग लागला की मूळ अर्थ होतो मोकळेपणी श्वास घेणे, निर्भय असणे. ज्याच्यापाशी छातीवरचे दडपण उतरते, त्याच्यावर आपला विश्वास. आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट बुद्धीच्या खात्यात न टाकता प्राणाच्या खात्यात टाकली, आणि मला वाटते त्यात त्यांनी फार मोठे निरीक्षण साठवून ठेवले आहे. तुलसीदासांनी रामचरितमानसाच्या आरंभी भवानीला श्रद्धेचे आणि शंकराला विश्वासाचे रूप मानून वंदन केले. म्हणजे विश्वास ही त्यांच्या लेखी दुबळ्या मनाची सोय नव्हती, ते साक्षात दैवत होते. विश्वास असावा की नसावा, हा प्रश्न म्हणूनच मला कधी पडला नाही. तो असल्याशिवाय एक दिवसही ढकलता येत नाही. मनात घोळत राहते ते एवढेच, की हातातल्या या काचेच्या चौकोनासमोर बसलेल्या आपल्यासारख्यांना हा शब्द आज काय सांगतो.

आधी मराठीने या शब्दाला जोडून दिलेल्या क्रियापदांकडे पाहू. विश्वास ठेवतात, विश्वास टाकतात, विश्वास संपादन करतात, विश्वास उडतो. पण या सर्वांत मला जवळचे वाटते ते ‘विश्वास बसणे’. कोऱ्या लुगड्याची घडी बसते, गढूळ पाण्यातला गाळ बसतो, नव्या गळ्यावर सूर बसतो; तसाच विश्वास बसतो, आणि या प्रत्येक बसण्याला वेळ लागतो, तिथे कुणाची जबरदस्ती चालत नाही. फसवणारा मात्र आपल्याला बसण्याची उसंतच देत नाही; त्याला विश्वास टाकून हवा असतो, आणि तोही याच क्षणी. फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका, दहा मिनिटांत करा, नाहीतर खाते गोठेल, वीज जाईल, मुलाला अटक होईल. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही, आणि २०२४च्या ऑक्टोबरात खुद्द पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये हे सांगितले, तरीही शिकलेसवरलेले, मोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेले लोक तासन्‌तास फोनवरच्या तोतया पोलिसांच्या धाकाने कॅमेऱ्यापुढे बसून राहतात, कारण त्या वेळी त्यांचे ज्ञान जागेवर असले तरी श्वास जागेवर नसतो. अशा माणसांना ‘एवढेही कळले नाही का’ असे म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

याच ‘श्वस्’ धातूपासून आलेला दुसरा शब्द आहे ‘आश्वासन’. धीर देणे, समोरच्याचा श्वास खाली आणणे, असा त्याचा चांगला अर्थ. पण विश्वास आपल्या आत बसतो आणि आश्वासन बाहेरून दिले जाते, हा भेद विसरला की घात होतो. ब्राउझरच्या पट्टीवर पत्त्याच्या डावीकडे छोटे कुलूप दिसायचे, ते आठवा. वर्षानुवर्षे आपल्याला शिकवले गेले, की कुलूप दिसले म्हणजे संकेतस्थळ खरे. त्या कुलपाने मुळात एवढेच सांगितले होते, की तुमच्या आणि त्या स्थळाच्या मधल्या वाटेवर तुमचे बोलणे कुणी वाचू शकणार नाही. त्या वाटेच्या टोकाला साव बसला आहे की चोर, याबद्दल ते काहीच बोलत नव्हते. लखोट्यावर लाख असली म्हणजे तो वाटेत फोडला गेला नाही एवढे कळते, तो कुणाच्या हातात पडणार ते लाखेला कुठे ठाऊक असते? गूगलने २०२१ साली केलेल्या पाहणीत त्या कुलपाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना सांगता आला, आणि २०२३मध्ये क्रोममधून ते कुलूप काढून तिथे साधे चिन्ह ठेवले गेले. आश्वासनाचे चिन्ह लोक विश्वासाचे चिन्ह समजू लागले, म्हणून ते काढावे लागले. मला हा निर्णय प्रामाणिक वाटतो.

जाहिरातीचेही तसेच आहे. जाहिरात हे पैसे मोजून दिलेले आश्वासन, आणि त्यात वावगे काही नाही. पेठेतला दुकानदारही आपली पाटी रंगवून घेतो. पण शोधाच्या खिडकीत आपण बँकेच्या किंवा कुरिअरच्या मदतकेंद्राचा क्रमांक शोधतो, तेव्हा सर्वांत वर येणारी ओळ पुष्कळदा जाहिरात असते, आणि तिथे खोटा क्रमांक लावून बसलेले ठग कमी नाहीत. ‘वर आहे म्हणजे खरे असणार’ हे आपणच आपल्याला दिलेले आश्वासन असते.

आता थोडे खोल जाऊ, कारण हा शब्द संगणकाच्या शास्त्रातही तळाशी जाऊन बसला आहे. युनिक्स घडवणाऱ्या दोघांपैकी एक, केन थॉम्प्सन, यांना १९८३चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भाषणाचा विषयच विश्वास हा होता. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो कंपायलर असतो, त्यातच चोरवाट अशी लपवता येते, की मूळ मजकुरात तिचा मागमूसही सापडू नये, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे ओळ न्‌ ओळ वाचून काढली तरी खात्रीला तळ लागत नाही, आणि शेवटी आपण येऊन थांबतो ते ती ओळ लिहिणाऱ्या माणसापाशी. नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या कंपनीचे काम असेच खात्री देण्याचे होते, अमुक संकेतस्थळ खरेच अमुकाचे आहे असे प्रमाणपत्र देण्याचे. २०११ साली तिच्या यंत्रणेत घुसून कुणीतरी पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे काढली, त्यातल्या गूगलच्या नावाच्या प्रमाणपत्राने इराणमधल्या लोकांच्या पत्रव्यवहारावर नजर ठेवली गेली, आणि काही आठवड्यांत त्या कंपनीचे दिवाळे निघाले. खात्री हाच जिचा माल होता, तिच्यावरचा विश्वास उडाल्यावर तिच्यापाशी विकायला काही उरले नाही.

पण ‘विश्वासघात’ या शब्दाचा पुरता अर्थ मला कळला तो २०२४च्या मार्चमध्ये. एक्सझेड नावाची छोटी, फुकट मिळणारी आज्ञावली आहे. फायली आकुंचित करण्याचे साधे काम ती करते, आणि जगभरच्या बहुतेक लिनक्स यंत्रांवर ती असते. लासे कोलिन नावाचा फिनलंडमधला एक गृहस्थ विनामोबदला, वेळ मिळेल तसा ती सांभाळत होता. आपली प्रकृती बरी नसते, काम रेटत नाही, हे त्याने मोकळेपणाने लिहिलेही होते. अशा वेळी ‘जिया तान’ हे नाव घेतलेला कुणीतरी मदतीला आला. त्याने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले, उपयोगी काम केले, दुसऱ्या काही नावांनी, बहुधा त्याच्याच संगनमताने, कोलिनच्या मागे तगादा लावला गेला की तुम्हाला जमत नसेल तर आणखी कुणाच्या हाती द्या, आणि हळूहळू किल्ल्या त्याच्या हाती आल्या. आपण मराठीत ‘विश्वास संपादन करणे’ म्हणतो, ते याहून नेमके कुठे दिसावे? मग त्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, दूर बसून यंत्र ताब्यात घेता येईल अशी चोरवाट ठेवली. विश्वास बसायला वेळ लागतो हे त्या घातक्यालाही ठाऊक होते, आणि तेवढा वेळ त्याने दिला, हे वाचून मी बराच वेळ सुन्न बसलो होतो.

ती चोरवाट सापडली कशी? आंद्रेस फ्रॉइंड नावाचा अभियंता वेगळ्याच कामात, डेटाबेसची गती मोजण्यात गुंतला होता. त्याच्या लक्षात आले, की यंत्रात शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद म्हणजे अर्धवट घेतलेला एक श्वास. दुसरा कुणी तो दुर्लक्षून पुढे गेला असता, पण रोजच्या सवयीचे यंत्र त्याला इतके आतून ठाऊक होते, की यंत्राचा किंचित अडखळलेला श्वास त्याला ऐकू आला. तो थांबला, माग काढत गेला, आणि २९ मार्चला त्याने सारे जगापुढे मांडले. बहुतेक यंत्रांपर्यंत ती आवृत्ती पोहोचण्याआधीच. त्याने कुणावर संशय घेतला नव्हता. त्याने जवळून पाहिले होते, आणि ज्याच्यावर विश्वास आहे ते जवळून पाहणे यात मला तरी विरोध दिसत नाही. समर्थांनी दासबोधात जागोजागी प्रचीतीचा आग्रह धरला, तो काय अश्रद्धेपोटी?

‘विश्वास तर पानिपतातच गेला’ ही म्हण आपल्या तोंडी आहे. १७६१च्या जानेवारीत पानिपतच्या लढाईत पडलेल्या विश्वासरावांच्या नावावरची ही कोटी ऐकून आपण मान डोलावतो आणि जणू प्रश्न मिटला असे मानतो. मला ती कधीच पटली नाही, कारण त्यानंतरही मराठी मुलखात शाहजोग हुंड्या चालल्याच, म्हणजे फक्त पेठेतल्या पतवान शाहामार्फतच वटतील अशा हुंड्या. कागद कुणाच्याही हाती लागला तरी पैसे हाती पडायला ओळखीचा, पत असलेला मनुष्य मध्ये लागायचा. विश्वासाला ओळखीची जोड देणारी ही तजवीज जुनीच आहे.

आमच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मावशी आहेत. यूपीआय नवे होते तेव्हा गिऱ्हाईक फोनचा पडदा त्यांच्यापुढे धरून ‘पाठवले बघा’ म्हणायचे, आणि मावशी पडद्याकडे, मग गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघत जुडी हातातच धरून ठेवायच्या. खोटे पडदे दाखवून गेलेलेही त्यांनी पाहिले होते. आता तराजूशेजारी एक छोटा डबा असतो, तो मराठीत ‘पंचाहत्तर रुपये प्राप्त झाले’ असे बोलतो, आणि मावशी मान वरही न करता पुढच्या गिऱ्हाइकाची मेथी निवडू लागतात. त्या डब्याने त्यांना संशयी केले नाही. उलट गिऱ्हाइकाचा चेहरा न्याहाळण्याच्या कामातून त्यांना सोडवले, त्यांचा श्वास मोकळा केला; मी जेव्हा जेव्हा ‘विश्वास’ या शब्दाचा मूळ अर्थ कुणाला सांगू पाहतो, तेव्हा तो डबा बोलल्यानंतरचे मावशींचे खांदे माझ्या डोळ्यांपुढे येतात.

आणखी एक पापुद्रा उरतो, ‘विश्वस्त’ हा. ज्याच्यामुळे आपण निर्धास्त श्वास घेतो, तो विश्वस्त. देवस्थानाला तो असतो, शाळेला असतो. २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्याने आपली माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांना ‘डेटा फिड्युशिअरी’ म्हटले आहे, आणि त्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही विश्वासच आहे. कायद्याने नाव फार मोठे दिले. पण टॉर्चसाठी घेतलेले ॲप आपल्या नातेवाइकांच्या क्रमांकांची यादी मागते, तेव्हा देवळाच्या विश्वस्ताने भक्ताच्या घरच्या कपाटाची किल्ली मागावी तसे ते आहे. तिथे ‘नाही’ म्हणण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

वहिनी आता फोनवर कुणी घाई केली की ‘पाच मिनिटांनी मीच करते’ म्हणून ठेवून देतात आणि पावती, पासबुक, जे असेल ते आधी हातात घेतात. या रविवारी आपणही घरातल्या वडीलधाऱ्यांशेजारी जरा बसा. यूपीआयवर पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, हे त्यांना एकदा प्रत्यक्ष करून दाखवा. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतो, तोही त्यांच्याबरोबर वाचून बघा. आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये, त्यांना वाचता येईल अशा नावाने साठवून द्या. पैसे गेलेच, तर ते पुढे वळते होण्याआधी रोखता यावेत म्हणून तो आहे, आणि तो फिरवताना मात्र एक क्षणही थांबू नका.