मस्कतची लाल सायकल

माझ्या मेहुण्याला सेहेचाळिसाव्या वर्षी सायकल हवीशी झाली. साधी नाही, बीएमएक्स. १९८८ साली सांगलीत त्याच्या मामानं मस्कतहून तशी एक लाल सायकल आणली होती आणि एका चकरेसाठी गल्लीतली पोरं गोट्या घेऊन त्याच्या मागं फिरायची. 'ई.टी.' सिनेमात पोरं ज्यांवरून पळतात त्या सायकली जपानच्या कुवाहारा कंपनीच्या. मामाची कुठली होती देव जाणे, पण मेहुण्याच्या लेखी ती तीच! पुढं दहावी आली, सायकल कुणाला तरी देऊन टाकली आणि मग आयुष्यभर बँक.

आता त्यानं खटपट करून हुबेहूब तशीच जुनी लाल सायकल मिळवली. पुढंमागं मिळून चार पेग, म्हणजे चाकांच्या आसांना लावलेल्या नळ्या. हँडल गरगर फिरवलं तरी ब्रेकची केबल गुंडाळली जाऊ नये म्हणून जायरो. संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं. पहिल्याच वळणाला उजवा गुडघा हँडलला अडकला आणि स्वारी थेट वॉचमनच्या खुर्चीवर. खुर्ची मोडली. (सायकलला ओरखडाही आला नाही, हे तो अजून अभिमानानं सांगतो.)

सीट खाली आहे, एवढंच त्याचं निदान. ती वीतभर वर काढली. बसल्यावर गुडघे सुटले खरे, पण उभं राहून सायकल उचलायला गेलं की सीट मध्ये यायची.

शेवटी त्याला पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी सायकलच्या रंगाकडे, पेगकडे बघितलंसुद्धा नाही.

"साहेब, पॅडलवर उभे राहा."

मग टेप काढून वरचा दांडा मोजला. "वीस इंच. उंची किती आपली?"

"पाच दहा."

"ही पाच फुटी पोराची सायकल."

"पण बीएमएक्सचं चाक वीस इंचीच असतं ना?"

"चाक पोराला वीस, बापालाही वीस. माप दांड्यात असतं."

मग ते खुलले. ही सायकल उभ्यानं चालवायची, म्हणून सीट खालीच बरी. पाच फूट दहाला दांडा २१ इंचांच्या आसपास हवा. नुसत्याच फेऱ्या मारायच्या असतील तर २४ इंची चाकाची क्रूझर घ्यावी, कंबर दुवा देते. साध्या पोलादाचा फोर्क चाळीस किलोच्या पोराला पुरतो. ८२ किलोचा माणूस फुटपाथवरून चारदा उडी मारून उतरला की तो वाकायला लागतो. म्हणून फ्रेम, फोर्क, हँडल क्रोमोलीचं, म्हणजे मिश्र पोलादाचं बघावं आणि रंग सगळ्यात शेवटी. जुन्या सायकलींना पुढं ४४ दात्यांचं चक्र आणि मागं १६ दात्यांचं. हल्ली २५ आणि ९. ओढ जवळपास तेवढीच, पण चक्र लहान झाल्यानं वजन कमी होतं आणि ते कठड्याला आपटत नाही. "दोन्हीकडे पॅडलच्या एका फेरीत चार-साडेचार मीटर. म्हणजे हिच्यावरून बँकेत जायचा विचार नको."

"आणि हे पेग? कठड्यावरून घसरत जाणार आहात?"

मेहुणा गप्प.

"मग करणार काय सायकलवर?"

"लहानपणी करायचो तेच."

"म्हणजे?"

बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "विटांवरून उडी. पाच विटा रचायचो आम्ही."

"तेव्हा उंची किती होती?"

"साडेचार फूट असेल."

मिस्त्रींनी टेप गुंडाळून खिशात टाकला आणि चहा सांगितला.

महिनाभरानं काळी सायकल आली. २१ इंची दांडा, क्रोमोली, मागं एक ब्रेक, पेग नाहीत. पेग आणि जायरोच्या हौसेचे जे पैसे वाचले त्यात हेल्मेट, गुडघ्यांची पॅड आणि वॉचमनची नवी खुर्ची बसली. लाल सायकल वॉचमनच्या मुलाला दिली. त्याची उंची पाच फूट.

तो पोरगा आता तिच्यावरून तीन विटा ओलांडतो. मेहुणा काळीवरून एक ओलांडतो. आडवी ठेवलेली.