पसंतीक्रम क्रमांक एक

बारावीनंतरच्या जून-जुलैत घराघरात एक वेगळीच भाषा सुरू होते. आई ‘होम युनिव्हर्सिटी’ म्हणते, मामा ‘गेल्या वर्षीचा कटऑफ’ काढतो, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती मोबाइलवर पीडीएफ वर-खाली सरकवत बसलेली असते. प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजाखाली शाखा, शाखेखाली जीओपनएस, एलओपनएच असले रकाने, आणि रकान्यात पर्सेंटाइल, दशांशचिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत. गेल्या साली शेवटचा विद्यार्थी नेमका कुठे आत शिरला हे इतक्या काटेकोरपणे सांगणारी यादी, आत गेल्यावर त्याचं काय झालं याबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही.

आणि वर आपणच तिला विचारतो, ‘अजून तुझं ठरत कसं नाही?’

ठरणार कसं? केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, म्हणजे कॅप फेरीचा, ऑप्शन फॉर्म दोन वेगळे प्रश्न एकाच ओळीत विचारतो. सांगलीच्या वालचंदला सिव्हिल वर ठेवायचं, की पुण्याच्या एखाद्या नव्या कॉलेजातलं कॉम्प्युटर? जुन्या कॉलेजात ग्रंथालय आहे, हॉस्टेल आहे, तुमच्यापेक्षा हुशार शेजारी आहेत आणि तीस वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडलेले, फोन उचलणारे सीनियर आहेत. कॉम्प्युटरच्या बाजूला कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्यांची यादी आहे. दोन्ही कारणं खरी आहेत, पण ती एका मापात मोजता येत नाहीत. त्यात पहिल्या फेरीत पहिलीच पसंती लागली तर जागा आपोआप पक्की होते. म्हणजे ‘बघू, टाकून तर ठेवू’ म्हणायचीही सोय नाही.

आजोबांच्या पिढीला हा घोळ नव्हता, कारण निवडायला फारसं काही नव्हतंच. पुण्याचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १८५४चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७चं, वालचंद १९४७चं. मोजक्या जागा, आणि जिथे नंबर लागेल तिथे ट्रंक घेऊन जायचं. १९८३मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं आणि जिल्ह्याजिल्ह्यात इंजिनिअरिंग आलं. अलीकडे तंत्रशिक्षणाची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईनं एका शाखेतल्या प्रवेशसंख्येवरची कमाल मर्यादाही सैल केली. आता एकाच इमारतीत कॉम्प्युटर, एआय अँड डेटा सायन्स, एआय अँड एमएल, सायबर सिक्युरिटी अशा पाट्या लागतात. पहिल्या वर्षी या सगळ्यांना जवळपास तेच गणित आणि तेच भौतिकशास्त्र. सतरा वर्षांच्या मुलीनं यातला फरक ओळखावा अशी अपेक्षा आहे. तो शिकवणाऱ्यांपैकी किती जणांना नीट सांगता येईल, याची मला शंकाच आहे.

मग येतो ‘आवडीचं निवड’ हा सल्ला. तो देणाऱ्याचं स्वतःचं बहुधा सगळं मार्गी लागलेलं असतं. इरावती कर्वे फर्ग्युसनमधून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाल्या, मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राकडे वळल्या, बर्लिनला जाऊन मानवशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आल्या, आणि ‘युगान्त’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो मराठी लेखिका म्हणून. बी.ए.चा विषय त्यांना कुठे अडवू शकला नाही. हे उदाहरण मला फार प्रिय आहे, पण मी ते कुणा मुलीच्या बापापुढे ठेवत नाही. दर वळणावर दुसरी शिष्यवृत्ती किंवा दुसरा आधार मिळणं ज्यांच्या नशिबी असतं, त्यांनाच वळता येतं. कर्ज काढून पहिल्या वर्षाची फी भरलेल्या घरात शाखा चुकली म्हणजे वर्ष गेलं, पैसा गेला आणि भावकीत बोलणी खावी लागली.

म्हणून मला वाटतं, ‘तुला काय व्हायचंय?’ यापेक्षा ‘चुकलं तर परतायला किती पडेल?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे. २०२४पासून आठ लाखांच्या आतलं उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, तेव्हा अनेक घरांत हिशेबच पालटला. राहता राहिला हॉस्टेलचा आणि मेसचा खर्च. तोही थोडा नसतो, पण बापाच्या तोंडचं ‘नाही’ फीमाफीमुळे ‘बघू’वर येतं. कॉलेजही त्याच प्रश्नानं तोलावं: जिथे दुसऱ्या वर्षाला शाखा बदलण्याची खरीखुरी शक्यता आहे, जिथे पदवीनंतर वाट बदललेले सीनियर भेटतात, ते कॉलेज दोन-चार पर्सेंटाइलनं खाली असलं तरी वर ठेवावं. चार लाख मुलं सीईटी प्रवेशपरीक्षेला बसली तर एक पर्सेंटाइल म्हणजे चार हजार मुलं होतात. त्या गर्दीत शहाणपणाची उतरंड लावण्यात अर्थ नाही.

आकडेच बघायचे तर एक तक्ता बघण्याजोगा आहे. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत उतरणारी कॉलेजं आपली माहिती संकेतस्थळावर टाकतात. त्या तक्त्यात पहिल्या वर्षाला किती आले, ठरलेल्या मुदतीत किती पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक पगार किती, हे शेजारी-शेजारी असतं. फ्लेक्सवर झळकणारं ‘सर्वोच्च पॅकेज’ एकाच मुलाचं असतं. हा तक्ता सगळ्या वर्गाचा. फक्त तो शाखावार नसतो. तो शाखावार छापायची सक्ती प्रवेश राबवणाऱ्या सीईटी सेलनं करावी, आणि ऑप्शन फॉर्म उघडण्याच्या महिनाभर आधी करावी.