माल पोचवायला स्वतः निघालेले क्लेमेंटे

पिट्सबर्ग पायरेट्सचे बेसबॉलपटू रॉबेर्तो क्लेमेंटे मूळचे प्वेर्तो रिकोचे. तिन्ही मुलं आपल्याच मातीत जन्मावीत हा त्यांचा हट्ट, आणि पत्नी वेरा यांनी तो पुरवला. डिसेंबर १९७२मध्ये निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपानं उद्ध्वस्त झाली. क्लेमेंटेंनी मदत धाडली, पण तिथले सत्ताधारीच ती लाटताहेत असं कानावर आलं. एखादा धनादेश देऊन ते मोकळे झाले असते. नामवंत बहुधा तेवढंच करतात. हे मात्र ३१ डिसेंबरच्या रात्री स्वतःच मालासोबत निघाले. अतोनात भरलेलं जुनं विमान उडालं आणि लगेच समुद्रात कोसळलं. वय ३८. मुलांसाठी क्रीडानगरी उभारायचं त्यांचं स्वप्न पुढं वेरांनी हाती घेतलं, पदरच्या तीन लेकरांना वाढवता वाढवता.