अकरा दंडगुण

घोडेस्वारीतल्या इव्हेंटिंग या प्रकारात ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि शेवटी उड्या अशा फेऱ्या असतात; ज्याचे दंडगुण कमी, तो पुढे. २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज संपलं तेव्हा जर्मनीचा मिखाएल युंग २१.१ दंडगुणांवर सर्वांच्या पुढे होता. लंडन आणि रिओ, दोन्हीकडे सॅम या घोड्यावर त्याने वैयक्तिक सुवर्ण जिंकलं होतं. या खेळात तिसरं वैयक्तिक सुवर्ण तोवर कुणालाच मिळालेलं नव्हतं. आता त्याच्या मांडीखाली होता चिपमंक.

क्रॉस-कंट्रीत चिपमंकचा पाय एका अडथळ्याला निसटता लागला. घोडा पलीकडे नीट उतरला, पण अडथळा सुटला. ११ दंडगुण. जर्मन संघाची हरकत फेटाळली गेली आणि युंग आठवा आला.

तो अडथळा सुटण्यासाठीच बनवलेला असतो. घोड्याचे पुढचे पाय पक्क्या ओंडक्याला अडकले, की त्याचं सगळं धूड कोलांटी खातं आणि स्वार त्याखाली सापडतो. म्हणून धक्का बसताच निसटणारी खीळ असते. आणि खीळ आहेच म्हणून कुणी बेफिकीर उडी घेऊ नये, यासाठी दंड. त्याच दिवशी त्याच मैदानावर स्वित्झर्लंडच्या जेट सेट या घोड्याचा अस्थिबंध तुटला आणि त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं. तो घोडा डोळ्यांसमोर आणला की युंगचं गेलेलं सुवर्ण मला महाग वाटत नाही. घोड्याने पदक मागितलेलं नसतं. धोक्यात मात्र तो स्वाराइतकाच असतो. मग नियमाने झुकतं माप त्यालाच द्यायला हवं, एखाद्या थोर स्वारावर त्यात थोडा अन्याय झाला तरीही.

अशा स्वाराची कारकीर्द आपल्याला दिसते ती उड्यांमध्ये. घडते ती तबेल्यात: रोज पायांवरून हात फिरवून सूज किंवा ऊब जाणवते का ते पाहायचं, दमलेले पाय गार पाण्याने निववायचे, आणि मन कितीही ओढ घेत असलं तरी एखादी स्पर्धा सोडून द्यायची. शेवटच्या उड्यांच्या फेरीआधी प्रत्येक घोड्याला परीक्षकांसमोर दुडक्या चालीने पळवून दाखवावं लागतं. तिथे लंगडला, तर पहिल्या क्रमांकावरचाही घरी जातो.

२०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये व्हर्सायला चिपमंक सोळा वर्षांचा होता. त्या पाहणीत तो उत्तीर्ण झाला, त्यानंतरच्या उड्यांतही टिकला, आणि युंगला तिसरं वैयक्तिक सुवर्ण मिळालं.