घरातली गोष्ट

आळीत कुणाला टायफॉइड झाला की संध्याकाळपर्यंत शेजारीण पेजेचे भांडे घेऊन दारात उभी राहते. कुणाचे ऑपरेशन असेल तर रक्त द्यायला तरुण मुले धावतात, मिस्सेत आजाऱ्याचे नाव घेऊन प्रार्थना होते. त्याच आळीतला एखादा मुलगा सहा महिने खोलीबाहेर पडत नाही, एखादी आई रात्रभर जागी राहून स्वतःशीच बोलत असते. त्या घरी मात्र पेज जात नाही. त्या घराने कुणाला काही सांगितलेले नसते, आणि आपणही पाहून न पाहिल्यासारखे पुढे जातो. घरातली गोष्ट घरातच बरी!

ही झाकाझाक नेमकी कुणासाठी असते? आजाऱ्याची बदनामी होऊ नये म्हणून, असे आपण म्हणतो आणि त्यात तथ्यही आहे. पण घरात धाकटी बहीण लग्नाची असते, भावाची नोकरी नवी असते. आजारी माणूस आत कोंडला जातो आणि राखण होते ती घराच्या नावाची. त्या कुटुंबाला दोष देण्याआधी आपण त्याला काय ऐकवले असते, हेही आठवावे.

अशा कुटुंबांसाठी आधारगट असतात; कुणी त्यांना स्वमदत गट म्हणते, कुणी सपोर्ट ग्रुप. यामागची कल्पना जुनी आहे. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात दारूने खंगलेला एक शेअर दलाल आणि तसाच एक सर्जन एकमेकांशी बोलत बसले. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली, आणि १९५१ साली घरच्यांसाठी अल-ॲनॉन. आपल्याकडे स्वतःच्या घरात स्किझोफ्रेनिया पाहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू झाली. २००४ सालचा ‘देवराई’ हा चित्रपट याच आजारावरचा. आपल्यापैकी काहींनी तो पाहिला असेल. ठाण्यात आयपीएच ही संस्था १९९० पासून काम करते, तिथेही असे गट आहेत.

गटात डॉक्टर सांगतात त्याहून निराळे काही मिळते. गोळीने तोंड कोरडे पडते तेव्हा काय करायचे, मुलगा जेवायला उठत नाही तेव्हा किती वेळा हाक मारायची, हे त्यातून गेलेली आईच दुसऱ्या आईला सांगू शकते. गट औषधाची जागा घेत नाही. औषधे बंद करा असे सांगणाऱ्या किंवा बरे करण्याचे पैसे मागणाऱ्या गटातून सरळ उठून यावे.

आता अडचणीचा मुद्दा. असा गट उद्या आपल्या चर्चच्या हॉलमध्ये भरला तर किती जण येतील? दोन गाड्या बदलून ठाण्याला जाणे अनेकांना सोपे वाटेल, कारण तिथे ओळखीचे कुणी भेटत नाही. पण ज्याला अंथरुणातून उठणेच जड जाते, तो दोन गाड्या कशा बदलणार? ज्याला जवळच्या गटाची खरी गरज, त्यालाच जवळच्या गटाची भीती. ही भीती खुर्च्या मांडून जात नाही, ती आपल्या जिभेशी बांधलेली आहे.

समजा, गटात आपल्याला एका घराची हकिकत कळली आणि महिनाभराने त्याच घराशी सोयरीक करू पाहणारी नातलग बाई विचारते, “काय गं, त्यांच्याकडे काही आजार वगैरे?” आपण काय सांगावे? गप्प राहिलो तर तिला फसवल्यासारखे वाटते. तरीही आमच्या मते उत्तर स्पष्ट आहे. लग्नाआधी आजार सांगायला हवाच, पण तो सांगण्याचा हक्क ज्याचा आजार आहे त्याचा. “त्यांनाच विचारा,” एवढेच आपण म्हणावे, आणि प्रत्येक घराबद्दल तसेच म्हणावे. नाहीतर हे उत्तरच चुगली करील. पापनिवेदनातले गुपित धर्मगुरू राखतात, हे आपण गृहीत धरतो. गटातल्या दुःखाला तेवढी सुरक्षितता का मिळू नये? अपवाद एकच: कुणी जीव देण्याची भाषा करीत असेल तर गुप्ततेचा विचार न करता त्याच्या माणसांना आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे, आणि त्याला एकटे सोडू नये.

गट शोधायचा असेल तर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारावे, तिथल्या समाजसेवकांकडे अशी माहिती मिळू शकते. १४४१६ हा टेलि-मानसचा फोन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत असून दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. गटात पहिल्या दिवशी नुसते ऐकत बसले तरी चालते. एकट्याने जायचा धीर होत नसेल तर कुणाला तरी सोबत न्यावे. सोबत जाणाऱ्याने बाहेर थांबावे, आणि परतीच्या वाटेवर “आत काय झालं?” असे विचारू नये.